पाटाकाठचा मातीचा हॉल

न्यूझीलंडहून परत आल्यावर मैत्रिणी फोटो बघायला जमल्या. डोंगर, तळी, मेंढ्या असं सगळं बघायच्या तयारीनं आल्या होत्या. माझ्या फोनमध्ये निघाले ते एकाच भिंतीचे फोटो. कोरडी भिंत, ओली भिंत, गिलावा काढलेली भिंत. "अगं, एवढ्या लांब जाऊन भिंत बघून आलीस?" म्हणून त्या हसल्या. मी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते आहे. फक्त गावाचं नाव लिहीत नाही, कारण तशी आमच्या सुनेची, मुक्ताची, अट आहे. वाचलंत की ती अट का, ते कळेल.

वाटेत, तेकापोचा कालवा

आमचा निखिल आणि मुक्ता ख्राइस्टचर्चला राहतात. निखिल कॉम्प्युटरवाला. मुक्ता मूळची सांगलीची, स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपानंतर त्या शहरात इमारती मजबूत करणाऱ्यांना कामाची ददात नाही, आणि मुक्ताचं काम तर जुन्या इमारती न पाडता सावरायचं. ऑक्टोबर संपता संपता ती ओटागोच्या आतल्या भागातल्या एका गावी निघाली होती. सोन्याच्या मागे लागलेल्या लोकांनी कोणे एके काळी वसवलेलं, सोनं संपल्यावर ओस पडलेलं, आणि आता उरलेल्या मूठभर लोकांनी हौसेनं पुन्हा उभं केलेलं गाव. तिथला मातीच्या विटांचा हॉल मुक्तानं मजबूत करून दिला होता. बरीच वर्षं बंद असलेला तो हॉल रविवारी उघडायचा होता.

"आई, बाबा, तुम्ही चला ना. पहिल्यांदाच एकटीनं केलेलं काम आहे माझं," असं ती म्हणाली. निखिलला ऑफिसातून सुटका नव्हती. आम्ही दोघं निघालो.

आता आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निफाड, येवला, सगळी नोकरी कालव्याच्या काठानं झाली. वाया जाणारं पाणी यांना बघवत नाही. कुठल्याही कार्यालयात लग्नाला गेलो की आधी हात धुवायच्या जागी जाऊन ठिबकणारे नळ आवळून येतात आणि मग अक्षता टाकतात. एकदा माझ्या भावाच्या बागेतला पाइप वाहताना दिसला म्हणून कुणालाही न सांगता मुख्य कॉकच बंद करून आले. आत वहिनी डोक्याला शिकेकाई लावून बसलेल्या. त्या दिवशी घरात काय झालं ते सोडून द्या. यांचा हेतू वाईट नसतो, पण विचारणं म्हणून यांच्या स्वभावात नाही.

तेकापोच्या पुढे वीज बनवण्यासाठी बांधलेले मोठे कालवे लागतात. पाणी इतकं निळं, की आपल्याकडे कुणी चित्रात रंगवलं तर मास्तर गुण कापतील. यांनी गाडी थांबवायला लावली. काठावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. "गळती नाही, गवत नाही, काठावर एक म्हैस नाही," असं म्हणाले तेव्हा आवाज भरून आला होता. मुक्ता मोबाइलमध्ये पावसाचा अंदाज बघत होती.

गाडीत हे तिला एकामागून एक विचारत होते. जोतं किती वर आहे, पाट किती लांब आहे, पाणी मुरत तर नाही ना. ती दरवेळी "हो बाबा, ते केलंय," एवढंच म्हणायची. फेअरलीला पाय घ्यायला थांबलो होतो, म्हणजे खायचा पाय, आत बटाटा आणि चीज असलेला, तेव्हाही तसंच. ती पैसे द्यायला आत गेली की हे मला म्हणायचे, "एकदा तरी म्हणावं तिनं, बाबा तुम्हाला काय वाटतं. आयुष्य गेलं माझं पाण्यात." मला त्यांचं वाईट वाटलं. पण पोरीच्या कपाळावरची आठीही मला दिसत होती. पुढे तिच्याच नावावर बरंवाईट काय ते लागणार होतं.

शुक्रवार संध्याकाळ, गावात

लिंडिसची खिंड ओलांडली की झाडं संपतात. नुसते पिवळट गवताचे डोंगर, एकाला लागून एक. मग खाली उतरल्यावर उतारांवर जांभळ्या फुलांची रानटी थाईम आणि तिचा वास. अशा त्या कोरड्या मुलखात वळणावर एकदम हे गाव येतं. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी इमारती आणि वरच्या अंगाला डोंगराच्या पोटातून आलेला पाट.

या पाटाशिवाय गाव झालंच नसतं. सोनं मातीत होतं आणि माती धुवायला पाणी नव्हतं. म्हणून लोकांनी फावडी आणि कुदळींनी डोंगर खरवडत लांबून पाट आणला, आणि त्याच्या पाण्याचे फवारे मारून टेकड्याच्या टेकड्या वाहवून टाकल्या. त्यांचे कापलेले कडे अजून उभे आहेत. आता त्याच पाटावर खालच्या शेतांना पाणी मिळतं. तिथे त्याला रेस म्हणतात. मी आपला पाटच म्हणते.

मुक्तानं आम्हाला गाव फिरवून दाखवलं. एका खोलीचा तुरुंग आहे, त्याला खिडकीऐवजी वीतभर फट. बेकरीची भट्टी आहे, ती अजून पेटवतात. ओढ्यापलीकडे मोठ्या खडकाच्या आडोशाला चिनी खाणकामगाराचं खोपट आहे. आत वाकून गेलं तर दोन पावलांत संपतं. घर, देश सोडून आलेला तो माणूस इथे कसा राहिला असेल, हिवाळ्यात काय खात असेल, या विचारानं मला आत उभं राहवेना.

आणि पोस्ट ऑफिस! मी नाशिकला पोस्टाच्या काउंटरवर केस पांढरे केले. इथलं पोस्ट बघून माझे पाय हलेनात. तसाच लाकडी काउंटर, तशीच पितळी जाळी, टपाल लावायचे तसेच खण. खणांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. मी मुद्दाम काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि यांना म्हटलं, "बोला, काय हवंय?" ते म्हणाले, "रांग नाही हे बघून चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय."

आता तिथे टपाल नाही. हॉल कमिटीचा चहा असतो. मॉरीन ही कमिटीची अध्यक्ष. सत्तरीची, पांढरे आखूड केस, पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर. "किया ओरा, मुक्ताज मम!" म्हणत तिनं मला मिठीच मारली आणि गरम चीज रोल पुढे केले. सासू असा खुलासा मी केला नाही. मी ख्राइस्टचर्चहून डबाभर शंकरपाळे करून आणले होते. इथे असल्या कार्यक्रमाला प्रत्येकानं काही ना काही खायला न्यायची रीत आहे. डबा तिनं रविवारसाठी म्हणून वर फळीवर ठेवला.

हॉल सगळ्यात शेवटी पाहिला. बाहेरून अगदी साधा. दगडाचं जोतं गुडघ्याइतकं, त्यावर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती, वर पत्रा. गावातल्या लोकांनी गेला महिनाभर सुट्टीच्या दिवशी राबून मागच्या भिंतीला चुन्याचा नवा गिलावा केला होता. मुक्ता भिंतीजवळ गेली आणि तळहात टेकून उभी राहिली. आपण पोराचा ताप बघतो तशी.

"भूकंपाचं मी बघितलंय," ती म्हणाली. "आतून लाकडाची सगळी बांधणी केलीय. मला भीती पाण्याची वाटते, आई. ही वीट भिजली की चिखल. खालून भिजली तर वरचं वजन कोण पेलणार? आणि पाट बघा ना, इथून दिसतोय."

पाट हॉलच्या मागे, चढावर होता. तिथे आम्हाला डग भेटला. पाटाची राखण करणारा, स्वतः शेतकरी, फार न बोलणारा. यांनी त्याला इतके प्रश्न विचारले की तो हळूहळू मागे सरकत गेला. "पाणी पाळीनं सोडता का?" हा प्रश्न त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "नाऊ अँड देन." हे खूश झाले. दोघांचं तेवढ्यावर जमलं असं मला वाटलं.

शनिवार

सकाळी मी उठले तेव्हा हे फिरायला गेलेले होते. आमची सोय जुन्या मास्तरांच्या घरात केली होती, त्याच्या खिडकीतून पाट दिसायचा. हे परत आले ते खुशीत. शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

"हात कशात घातलात?" मी विचारलं.

"पाणी बघत होतो," म्हणाले आणि चहा मागितला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कालवा दिसला की हात घालणारच. मी भाजणी मळायला घेतली, थालीपीठ लावायचं म्हणून.

पहिलं थालीपीठ तव्यावर होतं तेव्हा रस्त्यावरून मॉरीनचा आवाज आला. ती मुक्ताला हाका मारत होती. आवाजातली घबराट ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. मुक्ता अनवाणीच धावली. मी गॅस बंद केला आणि मागे गेले.

हॉलच्या मागे पाट काठोकाठ भरून वरून सांडत होता. चढावरून पाणी घसरत येत होतं आणि जोत्याला लागून तळं साचलं होतं. दगडाच्या वरची वीट आणि पाणी यात चार बोटं अंतर होतं, आणि काही ठिकाणी तेवढंही नव्हतं. पांढऱ्याशुभ्र गिलाव्यावर खालून ओल चढत होती.

"सगळे बाहेर!" मुक्ता ओरडली. आत खुर्च्या मांडणारी माणसं बाहेर आली. "भिंतीजवळ कोणीही उभं राहायचं नाही. डग कुठाय? पाणी बंद करा आधी!"

डग गाडी घेऊन वर गेला होता. तोवर जो तो फावडं घेऊन आला. लोकरीच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून बांध घातला, आणि खालच्या अंगाला चर खणून साचलेलं पाणी रस्त्याकडे काढून दिलं. मी पोत्यांची तोंडं धरत होते. हे सगळ्यात पुढे होते. शेजारच्या तरण्या माणसांना हटवून चर खणत होते. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, या वयात एवढी मेहनत झेपत नाहीये.

थोड्या वेळानं पाटाचं पाणी उतरलं. डग परत आला. त्याच्या हातात दोन ओल्या फळ्या होत्या. त्यानं त्या मॉरीनच्या पायाशी टाकल्या.

"सांडव्यात कुणीतरी या घातल्या होत्या," तो म्हणाला.

मला तेव्हा सगळं कळलं. हॉलमागचा पाट जास्त भरू नये म्हणून डगनं कार्यक्रमापुरतं पाणी वरच्या वरच सांडव्यावरून ओढ्यात सोडून दिलेलं होतं. लांबून बघणाऱ्याला ते धो धो वाया जाणारं पाणी दिसणार. आणि सांडव्याशेजारी फळ्या रचून ठेवलेल्या असणार, आपल्याकडे असतात तशाच; त्या घातल्या की सांडवा बंद आणि सगळं पाणी पाटात. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी फावडं खाली ठेवलं आणि मान वळवली.

पाणी गेलं तरी संकट गेलं नव्हतं. मुक्तानं खिडकीच्या कोपऱ्यापाशी एक बारीक तडा हेरला आणि त्याच्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. भिंत खचली तर रेघ तुटेल, असं तिनं मला सांगितलं. मग ती रेघेसमोर एक उलटी बादली ठेवून तिच्यावर बसून राहिली. मॉरीननं फळीवरचा माझा शंकरपाळ्यांचा डबा काढला आणि चिखलाच्या हातांनी सगळ्यांनी ते खाल्ले. रविवारसाठी कशाला ठेवायचे, असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे रविवारचं काही खरं नाही, हे सगळ्यांनी मनातून ओळखलं होतं.

मी मुक्ताला चहा नेऊन दिला. तिनं रेघेवरून नजर काढली नाही.

"आई, बाबा सकाळी कुठे गेले होते?"

"फिरायला," मी म्हटलं.

"पाटाकडे?"

"पाटाकडेच तर जाणार ना ते."

तिनं पुढे काही विचारलं नाही. मी खोटं बोलले नव्हते. तरी माझी मान वर होईना.

दुपारपर्यंत पोस्टात वेगळीच कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या टेकडीवर ब्रूस नावाचा एक शेतकरी आहे. हॉलवर एवढा खर्च कशाला, असं तो पहिल्यापासून म्हणत होता आणि पाण्यावरून डगशी त्याचे खटकेही उडाले होते. फळ्या त्यानंच घातल्या असणार, यावर एकमत होत आलं. "मी जाऊन विचारतोच त्याला," असं म्हणून डगनं गाडीची किल्ली उचलली.

मी यांना दंडाला धरून पोस्टामागे नेलं.

"अहो, फळ्या तुम्ही घातल्यात."

यांनी उजवी बाही खाली ओढली.

"सांगा जाऊन."

"कसं सांगू?" ते म्हणाले. "मला माझं काही नाही. शिव्या घालतील, घालू देत. पण तिचं काय? तिचाच सासरा. तिनंच आणलेला. लोक म्हणतील, घरातलंच माणूस हिला सांभाळता आलं नाही, ही इमारत काय सांभाळणार? ब्रूसवर दोन दिवस संशय राहील आणि विरेल. तिच्यावर आलेलं जन्मभर राहील."

मला क्षणभर पटलं. खरंच पटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. समोर डगची गाडी सुरू झाली.

"त्या ब्रूसच्या दारात आत्ता तो काय बोलेल, ठाऊक आहे तुम्हाला?" मी म्हटलं. "इथे सगळी मिळून पंधरा-वीस घरं. उद्या कोण कुणाच्या घरी जाईल? तुम्ही सांगताय, की मी सांगू? मी सांगितलं तर मुक्ताला वाटेल बाबा लपून बसले."

हे निघाले. माझ्यासमोरून तडक रस्त्यावर गेले आणि डगच्या गाडीपुढे दोन्ही हात वर करून उभे राहिले. डगनं ब्रेक मारला. पोस्टातली माणसं बाहेर आली. मुक्ताही बादलीवरून उठून आली.

यांचं इंग्रजी सरकारी. कागदावर ठीक, तोंडी अडखळतं. पण त्या दिवशी एकही शब्द अडला नाही.

"ब्रूस नाही," ते म्हणाले. "मी घातल्या फळ्या. मला वाटलं पाणी वाया जातंय. मी कुणालाही विचारलं नाही."

मॉरीननं एकदा यांच्याकडे आणि एकदा मुक्ताकडे पाहिलं. मला वाटलं आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मुक्ता पुढे आली आणि यांच्या शेजारी उभी राहिली. पण यांच्याकडे बघितलं नाही.

"हे माझे सासरे आहेत," ती इंग्रजीत सगळ्यांना म्हणाली. "मी यांना इथे आणलं. पाटाचं त्यांना सांगून ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. भिंतीचं जे काय होईल त्याची जबाबदारी माझी."

मग ती यांच्याकडे वळली आणि मराठीत बोलली. तिचा आवाज इतका चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"एक शब्द विचारला असता, बाबा! मी इथेच होते ना? झोपेतून उठवलं असतं तरी चाललं असतं! तुम्हाला मी काय, कुणीच नाही वाटत का?"

हे म्हणाले, "चुकलो." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

डगनं गाडी बंद केली आणि खाली उतरला. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. "बरं," तो शेवटी म्हणाला, "ब्रूसला फोन करून उद्या जेवायला तरी बोलावतो."

एकदोघं हसली. मुक्ता हसली नाही. ती परत रेघेपाशी जाऊन बसली. ऊन कलतं झालं तेव्हा तिनं वाकून पाहिलं, नखानं चाचपलं आणि मान हलवली. रेघ सलग होती. भिंत हलली नव्हती. पण ओल आत गेली होती आणि नव्या गिलाव्यामुळे ती लवकर बाहेर पडणार नव्हती. आतल्या आत वीट कुजणार.

"गिलावा काढायला लागेल," ती मॉरीनला म्हणाली. "मागच्या भिंतीचा खालचा सगळा. आत्ताच."

तो गिलावा त्या माणसांनी महिनाभर सुट्ट्या मोडून केलेला. मॉरीननं डोळे मिटले आणि मग म्हणाली, "स्वीट ॲज." तिथे ते काहीही ठरलं की म्हणतात. त्या वेळी तिला ते म्हणायला फार जड गेलं असणार.

मुक्तानं हातोडी आणि छिन्नी आणली. त्या यांच्यापुढे धरल्या.

"बाबा, सुरुवात तुम्ही करा."

हे भिंतीपाशी उकिडवे बसले. पहिला घाव इतका हलका घातला की नुसता टवका उडाला. "जोरात," मुक्ता म्हणाली. मग यांनी जोरात घातला. गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून मांडीवर पडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. इतर माणसंही एकेक करून शेजारी येऊन बसली. उजेड होता तोवर सगळे मिळून गिलावा काढत होते. मी खाली पडलेला चुना घमेल्यात भरत होते.

रविवार

हॉल उघडला नाही. आत कुणाला जाऊ देणं मुक्तानं साफ नाकारलं. कार्यक्रम समोरच्या गवतावर झाला. जमलेल्या लोकांना मॉरीननं काय झालं ते सरळ सांगितलं, फक्त नाव घेतलं नाही. "फळ्या घालणाऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं," एवढं म्हणाली. ब्रूस आला होता. भला मोठा लाल चेहऱ्याचा माणूस. जेवताना तो थाळी घेऊन यांच्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या शेतातल्या पाण्याच्या तक्रारी यांना सांगत राहिला. यांनी ऐकून घेतल्या. एकही सल्ला दिला नाही. मला ते बघवेना.

निघताना डग यांना वर सांडव्यापाशी घेऊन गेला. मीही मागून गेले. पाणी सांडव्यावरून ओढ्यात पडत होतं, मोकळं, भरभरून. डगनं यांना काठावर उभं केलं आणि कुठलं पाणी कुठे जातं ते सगळं समजावून सांगितलं. हे हात पाठीमागे बांधून ऐकत होते. एकदाही हात सोडले नाहीत.

परतीच्या वाटेवर मुक्ता आमच्याशी बोलत होती, पण फक्त कामापुरतं. थांबायचं का, गार लागतंय का, असं. तेकापोचा निळा कालवा आला. तिनं गाडीचा वेग कमी केला. "नको," हे म्हणाले. ती तशीच पुढे गेली. ख्राइस्टचर्चला राहिलेल्या दिवसांत ती यांच्याशी वाकडं वागली नाही, पण पूर्वीसारखं "हो बाबा, ते केलंय" सुद्धा उरलं नव्हतं. विमानतळावर वाकून नमस्कार केला तेव्हा यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान वर केली नाही.

नाशिक

इथे आल्यावर हे कालव्याकडे फिरायला जाईनासे झाले. फिरायला म्हणून गच्चीत येरझारा घालायचे. ठिबकणारा नळ दिसला तरी मला हाक मारायचे, "अगं, हा बंद करू का?" मी पहिल्यांदा हसले. नंतर हसू येईना.

मुक्ता मला दर आठवड्याला भिंतीचा फोटो पाठवायची. ओलीचा डाग हळूहळू खाली सरकत होता. मी फोटो यांच्यासमोर धरायची, हे चष्मा लावून बघायचे आणि फोन परत द्यायचे.

संक्रांत झाल्यावर एक दिवस तिचा व्हिडिओ कॉल आला. ती हॉलच्या मागेच उभी होती. तिकडे कडक उन्हाळा, डोक्यावर मोठी टोपी. "वाळली, आई! पूर्ण वाळली," ती म्हणाली. "मार्चमध्ये गिलावा करायचा ठरलाय, थंडी पडायच्या आत." मग जरा थांबली. "बाबा आहेत का? बाबांना द्या."

त्या दिवसानंतर तिनं त्यांना स्वतःहून मागितलं नव्हतं. मी फोन यांच्या हातात दिला. हे खुर्चीत सरळ बसले.

"बाबा, हे बघा." तिनं फोन भिंतीकडे फिरवला. यांनी पहिला घाव घातला होता तिथून कोपऱ्यापर्यंत खडूनं चौकट आखलेली होती. "मॉरीननं आखलीय. बाकी भिंत आम्ही सगळे करणार. एवढी तुमची ठेवलीय. तिकिटाचं निखिल बघतोय."

यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं फोन खाली ठेवतील. मग अगदी हळू, लहान मुलासारखं विचारलं, "मी हात लावलेला चालेल का गं तिथे?"

मुक्ता कॅमेऱ्यात आली. टोपी काढली. डोळे भरले होते तिचे.

"तुम्ही विचारलंत ना," ती म्हणाली. "लावा."